क्रॉसरोड्स: 60 रुपये भरून आत जायचा मॉल

आजचा भाग एका इमारतीबद्दल आहे. ती आपल्या वऱ्हाडात नाही, मुंबईत आहे, हाजी अलीजवळ ताडदेवला. मग अमरावती-अकोल्याच्या माणसाने तिची गोष्ट काहून ऐकायची? कारण आज आपल्याकडे एखाद्या नव्या कॉम्प्लेक्सचं होर्डिंग लागलं की घरात गाळा घ्यायची चर्चा सुरू होते. रिटायरमेंटचे पैसे, शेत विकून आलेले पैसे, सगळं त्यात टाकायचं ठरतं. ते ठरवण्याआधी मॉल नावाची गोष्ट कशी चालते आणि कशी बंद पडते हे माहीत असलेलं बरं. आणि त्यासाठी क्रॉसरोड्सएवढं चांगलं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. या मॉलमध्ये सुरुवातीच्या काळात आत जायचं तर मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागायचं. दोन्ही नसेल तर 60 रुपये भरायचे. दुकान बघायला तिकीट! हे असं का झालं, त्याकडे येऊच.

औषध कंपनीच्या जागेवर

सुरुवात 1990 च्या दशकात होते. 1991 मध्ये आर्थिक उदारीकरण झालं. त्याच वर्षी मुंबईत अंधेरीला के. रहेजा समूहाने शॉपर्स स्टॉपचं पहिलं दुकान उघडलं. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

1993 मध्ये पिरामल समूहाने रोश प्रॉडक्ट्स ही औषध कंपनी विकत घेतली. कंपनीसोबत तिची ताडदेवची जागाही आली. दक्षिण मुंबईत, समुद्राजवळ, पेडर रोडपासून पाच मिनिटांवर एवढी मोठी मोकळी करता येईल अशी जमीन मिळणं म्हणजे लॉटरीच. तिथे 1999 मध्ये क्रॉसरोड्स उभा राहिला, साधारण दीड लाख चौरस फुटांचा. दिल्लीतला अन्सल प्लाझाही त्याच वर्षीचा. भारतातला पहिला मॉल कोणता यावर लोक अजून वाद घालतात, चेन्नईवाले स्पेन्सर प्लाझाचं नाव घेतात. पण आज आपण ज्याला मॉल म्हणतो, म्हणजे एसी, सरकते जिने, मधोमध वरपर्यंत मोकळी जागा, ब्रँडची दुकानं आणि खायचा मजला, तो प्रकार मुंबईकरांनी पहिल्यांदा इथे पाहिला.

तोपर्यंत या भागात खरेदी म्हणजे समोरचं हिरापन्ना. परदेशी सेंट, घड्याळं, इलेक्ट्रॉनिक वस्तू, छोटे छोटे गाळे आणि भाव करायचा. क्रॉसरोड्समध्ये भाव करायचा नव्हता. काहीच घ्यायचं नसलं तरी तासभर गारव्यात फिरता येत होतं.

आणि लोक फिरायला आले. तुफान आले. बघ्यांची एवढी गर्दी झाली की दुकानदार म्हणायला लागले, खरं गिऱ्हाईक आतच येऊ शकत नाही. त्यावर व्यवस्थापनाने जो उपाय काढला तो म्हणजे ती अट: मोबाइल, क्रेडिट कार्ड, नाहीतर 60 रुपये.

मोबाइल असणं म्हणजे काय होतं

आज ही अट हास्यास्पद वाटते, कारण आता भाजी विकणाऱ्या मावशींकडेही स्मार्टफोन आणि क्यूआर कोड आहे. पण 1999 डोळ्यांसमोर आणा. तेव्हा मोबाइलवर येणाऱ्या कॉलचेही पैसे पडायचे. इनकमिंग फुकट झालं 2003 मध्ये. क्रेडिट कार्ड तर मोठ्या शहरातल्या पगारदार लोकांकडेच. म्हणजे ही अट काय विचारत होती? तुझी ऐपत आहे का, एवढंच.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला फिल्टर म्हणतात. आणि फिल्टर लावताना एक प्रश्न विचारायचा असतो: यात चुकून कोण अडकणार? क्रॉसरोड्सच्या दारात निवृत्त शिक्षक अडकणार होता, कॉलेजची पोरं अडकणार होती, घरखर्च सांभाळणारी पण नावावर कार्ड नसलेली बाई अडकणार होती. म्हणजे पुढच्या 10-15 वर्षांत भारतातले मॉल ज्यांच्या जिवावर चालले, नेमके तेच लोक. टीका झाली, अट मागे घ्यावी लागली. पण 'हे आपल्यासाठी नाही' हा निरोप जायचा तो गेला.

इथे मला आपल्या कारंजा लाडची आठवण होते. जरा वेगळं वाटेल, पण ऐका. 1886 मध्ये कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या कारभारात होता. मग 1897 मध्ये खास वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आज आपण ज्याला कृषी उत्पन्न बाजार समिती म्हणतो, तिची मुळं तिथे आहेत. आता या कायद्यांनी नियम कुणाला लावले? बाजार कुठे भरायचा, देखरेख कोणत्या समितीने करायची, अडते आणि मापारी कसे वागतील. इंग्रजांना लँकेशायरच्या गिरण्यांसाठी कापूस हवा होता, त्यामागे दानधर्म नव्हता, हे खरंच. पण बंधन व्यापार करणाऱ्यावर होतं. बैलगाडी घेऊन आलेल्याला फाटकावर 'तुझ्याकडे काय आहे दाखव' असं कुणी म्हणत नव्हतं. 100 वर्षांनंतर मुंबईत एका बाजाराने उलटं केलं.

गर्दी आणि गल्ला

पण दुकानदारांची तक्रार खोटी होती का? नाही. आणि इथेच मॉलचं गणित समजून घ्यावं लागतं.

वेबसाइट चालवणाऱ्याला दोन आकडे माहीत असतात: ट्रॅफिक आणि कन्व्हर्जन. किती लोक आले आणि त्यातल्या किती जणांनी काही विकत घेतलं. मॉलचंही तसंच. शंभर माणसं आत येतात, पाच जणांच्या हातात पिशवी दिसते. बाकीचे एसी खातात. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, आपण त्यांना दोष देऊ शकत नाही.

अडचण अशी की एसी, जिने, लिफ्ट, सुरक्षारक्षक, सफाई यांचा खर्च 100 माणसांसाठी होतो. तो भाड्यातून आणि मेंटेनन्समधून दुकानदाराकडून वसूल होतो. दुकानदार तो कमावतो फक्त त्या पाच जणांकडून. म्हणून मॉलला मोठं 'ओढणारं' दुकान लागतं, जिथे माणूस महिन्यातून दोनदा काहीतरी घ्यायला येईलच. क्रॉसरोड्समध्ये पिरामल समूहाचंच पिरॅमिड होतं. पण दर पंधरवड्याला लागावा असा किराणा, रोजच्या वापराचा माल, हा त्या मॉलचा पिंड नव्हता. तो बघायचा मॉल होता.

आणि बघायच्या गोष्टीला एक शाप असतो. दुसरी, मोठी, नवी गोष्ट आली की लोक तिकडे बघायला जातात. इथून फार लांब नाही, लोअर परळला, 1905 मध्ये स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात हाय स्ट्रीट फिनिक्स वाढत होतं. 2004 मध्ये मालाडला इनऑर्बिट उघडलं. उपनगरातल्या माणसाला मॉलसाठी हाजी अलीला जायची गरज उरली नाही. फिनिक्सकडे जागा होती. दुकानं, हॉटेलं, 2009 मध्ये पॅलेडियम, असं ते थराथराने वाढत गेलं. दीड लाख चौरस फुटांच्या इमारतीला असं वाढता येत नव्हतं.

गर्दीच्या माणसाने घेतलेला मॉल

मग गोष्टीत किशोर बियाणी येतात. 2001 मध्ये त्यांनी बिग बझार सुरू केला. कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि मग मुंबईत, तेही फिनिक्स मिलच्या आवारात. 2007 च्या 'इट हॅपन्ड इन इंडिया' या पुस्तकात त्यांनी आपली मांडणी सांगितली आहे. एक भारत खर्च करणारा, दुसरा त्या पहिल्याची कामं करणारा, म्हणजे ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बाया, आणि तिसरा कसाबसा जगणारा. त्यांना दुसरा भारत दुकानात हवा होता. चकाचक, शांत दुकानात हा माणूस बुजतो, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून बिग बझारमध्ये मुद्दाम दाटी, धान्याचे ढीग, माइकवरची ओरड. आपल्या इतवारा बाजाराला छप्पर आणि बिलिंग काउंटर दिल्यासारखं. 26 जानेवारी 2006 ला 'सबसे सस्ता दिन' ठेवला तर एवढी झुंबड उडाली की काही ठिकाणी शटर ओढावी लागली.

आता गंमत पाहा. ज्या क्रॉसरोड्सने गर्दी दाराबाहेर ठेवायचा प्रयत्न केला, तो मॉल पुढे याच बियाणींच्या समूहाकडे गेला. नाव बदलून सोबो सेंट्रल झालं. गर्दी कशी कमवायची हे देशात सगळ्यात जास्त कळलेल्या माणसाच्या हातात तो होता. तरीही तो वाचला नाही.

कारण या वेळी आजार वेगळा होता, तो म्हणजे कर्ज. फ्यूचर समूह भराभर वाढला तो उधारीवर. 2020 मध्ये कोविडने दुकानं बंद केली, विक्री थांबली, हप्ते थांबले नाहीत. ऑगस्ट 2020 मध्ये रिलायन्सशी 24,713 कोटींचा व्यवहार जाहीर झाला, पण आधी गुंतवणूक केलेली ॲमेझॉन कोर्टात गेली. भांडण चालू असतानाच 2022 च्या सुरुवातीला रिलायन्सने दुकानांचे ताबे घ्यायला सुरुवात केली, कारण थकलेल्या भाड्यांचे करार तोवर त्यांच्याकडे आले होते. बघा, देशातल्या एवढ्या मोठ्या साखळीचा जीव शेवटी भाडेकरारात अडकला होता. जुलै 2022 मध्ये फ्यूचर रिटेलवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

सोबो सेंट्रलवर वेगळं कर्ज होतं. बियाणींच्या ज्या कंपनीकडे हा मॉल होता तिच्यावर बँकांची 571 कोटींची थकबाकी होती. 2024 मध्ये मॉल विकला गेला, साधारण 476 कोटींना, आणि बँकांनी तेवढ्यावर हिशोब मिटवला. घेणारे कोण? के. रहेजा समूह. 1991 मध्ये अंधेरीला शॉपर्स स्टॉप उघडणारे, मालाडचं इनऑर्बिट बांधणारे. 25 वर्षांत गिऱ्हाईक गेलं, ब्रँड गेले, दोन मालक गेले. किंमत टिकली ती हाजी अलीच्या जमिनीची.

आपल्याकडचं गणित

'लोक ऑनलाइन गेले म्हणून मॉल मेले' हे वाक्य आपण सगळेच बोलतो. मीही ऑनलाइन मागवतो. पण क्रॉसरोड्सची चमक ओसरली तेव्हा लोकांच्या हातात ॲप नव्हतं. आणि फिनिक्स त्याच शहरात, त्याच ॲपच्या काळात भरलेलं आहे. म्हणजे उत्तर एवढं सोपं नाही.

अमरावतीतच पाहा. जवाहर गेटच्या आतली दुकानं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. नागपूर रोडवर बिझिलँड, सिटीलँड ही कपड्याच्या होलसेलची संकुलं आहेत. तिथे माणूस बघायला जात नाही, लग्नाचा बस्ता किंवा दुकानाचा माल घ्यायला जातो. काम घेऊन आलेला माणूस हे बाजाराचं खरं भांडवल. शिवाय जुन्या बाजारात एक दुकान बंद पडलं तरी शेजारच्याचा एसी बंद होत नाही. मॉलमध्ये सगळे एकाच दोरीला बांधलेले असतात. ओढणारं दुकान गेलं की वरचा मजला ओस, मग लिफ्ट बंद, मग खालचेही निघतात.

म्हणून गाळ्याची जाहिरात आली तर चार गोष्टी विचारा. मॉल एकाच मालकाचा राहून गाळे भाड्याने देणार आहे, की 100 लोकांना विकून मोकळा होणार आहे? विकून मोकळा झाला तर कोणतं दुकान कुठे हवं हे ठरवणारा कुणी उरत नाही. दुसरं, महारेराचा नंबर आहे का आणि तुम्ही मोजताय ते पैसे कार्पेट क्षेत्रफळाचे आहेत का? तिसरं, ओढणारं दुकान नक्की कोणतं आणि त्याचा करार किती वर्षांचा? आणि चौथं, निम्मे गाळे रिकामे राहिले तर मेंटेनन्स कोण भरणार? 'अमुक टक्के परतावा पक्का' असं सांगणारा माणूस या चौथ्या प्रश्नावर काय बोलतो ते नीट ऐका.

आणि एक गोष्ट मॉलच्या बाजूनेही बोलली पाहिजे. अकोल्यासारख्या शहरात उन्हाळ्याच्या दुपारी एखाद्या मुलीने मैत्रिणींसोबत दोन तास बसावं, कुणी हटकू नये, स्वच्छ बाथरूम मिळावं, अशा जागा किती आहेत? मॉलने ती सोय केली, भले धंद्यासाठी का होईना. मॉल बंद पडतो तेव्हा ही बसायची जागाही जाते, आणि तिचा हिशोब बँकेच्या 571 कोटींत कुठेच नसतो. ते काम खरं तर नगरपालिकेच्या बागेचं आणि वाचनालयाचं. पण ते झालं नाही म्हणूनच लोक 1999 मध्ये हाजी अलीला रांगा लावून उभे होते, आणि काहींनी तर 60 रुपयेसुद्धा भरले.

तुमच्या गावात असा एखादा ओस पडलेला मॉल असेल, किंवा तुमच्या घरच्यांनी गाळा घेतला असेल, तर तिथे काय झालं ते कळवा. पुढच्या भागात भेटू.