हवाबंद घरांतील यांत्रिक वायुवीजन

भिंती, छत व खिडक्या यांतील फटी काळजीपूर्वक बंद केलेल्या घरात हवेची आपोआप होणारी ये-जा जवळजवळ थांबते. अशा संपूर्ण घराला पंख्यांच्या साहाय्याने ठरावीक प्रमाणात ताजी हवा पुरवण्याच्या पद्धतीस संपूर्ण-गृह यांत्रिक वायुवीजन म्हणतात. उन्हाळ्यात रात्रीची गार हवा खिडक्यांतून आत ओढून पोटमाळ्यावाटे बाहेर टाकणारा मोठा पंखा याहून वेगळा आहे. त्याचा उद्देश घर थंड करणे हा असतो. मात्र नावांतील साम्यामुळे दोहोंची अनेकदा गल्लत होते.

पार्श्वभूमी

१९७३ च्या तेलसंकटानंतर थंड देशांत इंधनबचतीसाठी घरे हवाबंद करण्याकडे कल वाढला. कॅनडातील रेजायना येथे हिवाळ्यात तापमान उणे ३० अंश सेल्सिअसखाली जाते. तेथे १९७७ मध्ये बांधलेल्या ‘सस्कॅचवान कॉन्झर्वेशन हाउस’ या प्रायोगिक घरात बाहेर जाणाऱ्या उबदार हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारा उष्णता-विनिमयक बसवला होता. जर्मनीतील डार्मश्टाट येथे १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या ‘पॅसिव्ह हाउस’मध्येही हेच तत्त्व वापरले गेले. या मानकानुसार ५० पास्कल दाबफरक असताना घरातील हवा गळतीमुळे तासाला ०.६ पटीहून अधिक बदलता कामा नये.

प्रकार व धोके

केवळ हवा बाहेर टाकणारा पंखा सर्वांत स्वस्त पडतो. परंतु त्यामुळे घरातील दाब घटतो आणि धुराडे असलेल्या शेगडीचा किंवा बंबाचा धूर उलटा आत येऊ शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरू शकतो. जमिनीतील रेडॉन हा किरणोत्सारी वायूही अशा घरात अधिक ओढला जाण्याची शक्यता असते. याउलट, केवळ हवा आत ढकलणाऱ्या पंख्यामुळे थंड प्रदेशात घरातील दमट हवा भिंतींत शिरते, तेथे पाणी साठते व लाकूड कुजते. आत-बाहेर सारखीच हवा खेळवणाऱ्या संतुलित पद्धतीत हे दोष टळतात. मात्र कडक थंडीत विनिमयकात बर्फ धरत असल्याने तो वितळवण्याची सोय करावी लागते.

प्रमाण

‘अ‍ॅश्रे’ या अमेरिकी संस्थेच्या ६२.२ या मानकातील सूत्रानुसार २,००० चौरस फूट क्षेत्रफळाच्या व तीन शयनगृहांच्या घरास मिनिटाला सुमारे ९० घनफूट हवा लागते. प्रत्यक्षात गाळण्या तुंबल्या, किंवा आवाजाला कंटाळून रहिवाशांनी पंखाच बंद ठेवला, तर एवढी हवा मिळत नाही.