खोडदची दुर्बीण आणि प्रयोगाची साक्ष

शास्त्राच्या दरबारीं एकट्याच्या शब्दाला मोल नाहीं. एकानें केलेला प्रयोग दुसऱ्यानें करून पाहावा आणि तेंच फळ हातीं यावें, तेव्हांच तो खरा. पूर्वीं त्यासाठीं उपकरणें आणि टिपणवही पुरेशीं होत. आतां प्रयोगाचें अर्धें अंग आज्ञावलींत, म्हणजे संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्यें असतें. ती हरवली, कीं प्रयोगाची साक्षच हरपते.

याचें बोलकें उदाहरण लोणीहून फार दूर नाहीं. लोणी आंबेगांव तालुक्यांत. लगतच्या जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. २०१० ते २०१२ या काळांत तिच्या साहाय्यानें १५० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर आकाशाची पाहणी झाली. या लहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युद्‌भारित थरांतून येतांना विचलित होतात; म्हणून कच्च्या नोंदींतून स्वच्छ चित्र काढणें हें मोठें किचकट गणित आहे.

त्या नोंदी संग्रहांत जतन होत्या व इतरांस खुल्या होत्या. ह्यूब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांवर 'स्पॅम' नांवाची आज्ञावली चालवून सारें गणित पुन्हां मांडलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सूचींत आकाशाचा सुमारें नऊ-दशांश भाग आला असून, तींत सुमारें ६ लक्ष २० हजार रेडिओ-स्रोत आहेत. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांतील एका दुर्बिणीच्या मापांशीं ती ताडून पाहतां, कांहीं भागांत तेजाचीं मापें चुकल्याचें दिसलें व दुरुस्तीही सुचविली गेली. यांत कोणाची नाचक्की नव्हती. काम उघडें होतें, म्हणून चूक सांपडली.

मात्र नुसत्या नोंदी जपून भागत नाहीं. आज्ञावलीची आवृत्ती बदलली, अथवा तिच्या आधाराची दुसरी एखादी आज्ञावली नवी झाली, कीं त्याच आंकड्यांचें उत्तर पालटूं शकतें. या अडचणींत दोन साधनें विशेष उपयोगीं पडलीं. २००५ सालीं निघालेलें 'गिट' कोणीं, केव्हां, काय बदललें याची नोंद ठेवतें. २०१३ सालचें 'डॉकर' आज्ञावलीला लागणारा सारा सरंजाम जणूं एका पेटींत बांधून देतें, आणि ती पेटी दुसऱ्याच्या यंत्रावर उघडतां येते.

दप्तरांत मूळ कागद नसला, तर वतनाचा दावा टिकणें कठीण होई. शास्त्राच्या दाव्याचेंही तसेंच आहे. निष्कर्ष छापला जातो, पण त्यामागचा कागद जपणें हेंही प्रयोगाचेंच काम होय.