ओळखीचा प्रश्न : तोतयापासून संकेतशब्दापर्यंत

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयींचा संशय पुण्यांत पुढें कित्येक वर्षें जिवंत राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं वैधव्य स्वीकारलें नाहीं. अशा संशयाच्या अंधारांतच तोतया उभा राहतो. उत्तर हिंदुस्थानांतील एक इसम आपणच भाऊ असें सांगत पुढें आला, पकडला गेला व कैदेंत पडला. १७७६ सालीं रत्नागिरीच्या कैदेंतून सुटतांच त्याच्याभोंवतीं हां हां म्हणतां फौज जमली आणि कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं जाऊं लागले. अखेर त्याचा मोड झाला, आंग्र्यांनीं त्यास धरलें आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास पुण्यांत देहान्त शासन झालें. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचें बंड' या नाटकामुळें ही कथा महाराष्ट्रांत घरोघरीं माहीत झाली.

या प्रकरणाचें मर्म एकच : दारीं उभा असलेला मनुष्य तोच आहे हें ओळखावें कसें? जुन्या लोकांनीं या प्रश्नाचीं उत्तरें तीन प्रकारांनीं दिलीं. एक, मनुष्यापाशीं काय आहे. दुसरें, त्यास काय ठाऊक आहे. तिसरें, त्याचें अंग काय सांगतें. मुद्रा हा पहिला प्रकार. शिवछत्रपतींची संस्कृत मुद्रा १६४६ सालच्या रांझे गांवच्या पाटलाविषयींच्या पत्रावर आढळते. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटीं मोर्तब. म्हणजे पत्र कोणाचें हें एकीनें सांगावें व मजकूर येथें संपला हें दुसरीनें. तरीही १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हां 'धरावें' या शब्दाचें 'मारावें' केलें गेलें, अशी परंपरागत समजूत आहेच. पाठविणारा खरा असून मजकूर खोटा होऊं शकतो, हा त्या समजुतींतला धडा आहे.

सावकारी पेढ्यांनींही हाच प्रश्न सोडविला होता. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारांत पत असलेल्या शहासच मिळत. कांहीं हुंड्यांचे मात्र, जो कागद आणील त्यास मिळत. पहिलींत मनुष्याची ओळख मुख्य, दुसरींत कागदाची. हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. कारण तो पुढें यंत्राच्या पोटांत पुन्हां भेटतो.

सोलापूर-बार्शी रस्त्यावरील वैरागसारख्या गांवीं एखाद्या आडत्यानें आपली खातेवही संगणकावर आणून शेतकऱ्यांस घरबसल्या पाहूं द्यावयाची ठरविली, तर त्यास बहुधा पीएचपी नांवाच्या भाषेची गांठ पडेल. ग्रीनलंडांत जन्मलेल्या रॅस्मस लेर्डॉर्फ यांनीं ती १९९५ सालीं जगापुढें ठेवली. ज्या महाजालावर ही भाषा चालते, त्याचा स्वभाव विसराळू आहे. एक पान मागून घेतल्यावर दुसरें मागणारा तोच मनुष्य आहे, हें त्यास आपण होऊन कळत नाहीं. वैरागचा आडत्या दुकानाच्या पायरीवरील शेतकऱ्यास चालण्यावरून ओळखतो. यंत्रानें त्याचें तोंड कधींच पाहिलेलें नसतें. म्हणून तेथें संकेतशब्द आला.

संगणकावरील संकेतशब्दाचा उगम १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत, अमेरिकेंतील एम.आय.टी. येथें फर्नांडो कोर्बातो यांच्या यंत्रणेंत सांपडतो. एक संगणक अनेकांनीं वापरावयाचा, म्हणून प्रत्येकास आपली किल्ली हवी होती. पण १९६६ सालीं तेथें दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि येणाऱ्या प्रत्येकास दिवसाच्या सूचनेऐवजीं सर्वांच्या संकेतशब्दांची यादी दिसूं लागली. किल्ल्या एका खुंटीला टांगून ठेवल्या कीं असेंच व्हावयाचें.

यावरील उपाय रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनीं १९७९ सालच्या निबंधांत मांडला. संकेतशब्द जसाच्या तसा जपून ठेवूंच नये. तो दळून ठेवावा. जोंधळ्याचें पीठ होतें, पिठाचा जोंधळा होत नाहीं. मनुष्य पुन्हां आला म्हणजे त्याचा शब्द पुन्हां त्याच जात्यावर दळावा व दोन्ही पिठें जुळवून पाहावीं. प्रत्येकाच्या दळणांत निराळें मीठही घालावें, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ निराळें निघेल. १९९९ सालीं बीक्रिप्ट ही रीत निघाली. तिचें जातें मुद्दाम जड केलेलें असतें, म्हणजे चोरास कोट्यवधि शब्द दळून पाहणें परवडूं नये. पीएचपीमध्यें २०१३ सालच्या ५.५ या आवृत्तीपासून दळण्याचें व जुळविण्याचें काम करणाऱ्या दोन सोप्या आज्ञा आल्या. तत्पूर्वीं, २००९ सालीं, रॉकयू या कंपनीकडून ३ कोटींहून अधिक संकेतशब्द चोरीस गेले. ते न दळतां ठेवलेले होते.

परंतु दारावरील चौकी भक्कम असून भागत नाहीं. पीएचपीच्या आरंभींच्या आवृत्त्यांत एक सोय अशी होती कीं, पाहुण्यानें पत्त्याच्या शेवटीं लिहिलेला शब्द आंतील कार्यक्रमांत आपोआप शिरे. कार्यक्रम लिहिणारा निष्काळजी असेल, तर पाहुण्यानें 'मी अधिकृत' एवढें लिहिलें तरी पुरे! तोतयाला याहून अधिक काय हवें? २००२ सालीं ही सोय मुळांत बंद ठेवण्याचें ठरलें आणि २०१२ सालीं ती काढूनच टाकली.

ओळख पटल्यावर यंत्र पाहुण्याच्या हातीं एक खुणेची चिठ्ठी देतें. तिला कुकी म्हणतात. पुढें प्रत्येक पानाला ती दाखविली कीं झालें. येथें शाहजोग हुंडी संपली व 'जो आणील त्यास' ही हुंडी सुरू झाली. चिठ्ठी चोरणारा तोच धनी ठरतो. म्हणून आंत घेतांना जुनी चिठ्ठी रद्द करून नवी द्यावी, ती बंद लिफाफ्यांतून, म्हणजे सांकेतिक मार्गानेंच जावी, आणि काम संपतांच फाडावी. शिवाय आंत आलेल्या शेतकऱ्यास स्वतःचेंच खातें दिसावें, शेजाऱ्याचें नव्हे. तूं कोण, आणि तुला काय पाहण्याचा अधिकार, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत.

राहिला तिसरा प्रकार, अंगाच्या खुणेचा. १८५८ सालीं बंगालमध्यें विल्यम हर्शेल यांनीं एका करारावर पंजाचा ठसा घेतला; २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली येथें आधार क्रमांक देण्यास आरंभ झाला. परंतु ज्याच्या बोटांच्या रेषा खुरप्यानें व मातीनें झिजल्या, त्या मजुरास यंत्र कधीं कधीं ओळखीत नाहीं.

चौकीदाराच्या हातून दोन चुका होऊं शकतात : खोट्यास आंत घेणें आणि खऱ्यास बाहेर ठेवणें. पहिल्या चुकीनें १७७६ सालीं राज्य हादरलें, म्हणून ती इतिहासांत नोंदली गेली. दुसरीची नोंद कोणी ठेवीत नाहीं. ती ज्याच्यावर ओढवते तो पायरीवरूनच परत जातो. जो कोणी नवें दार बांधील, त्यानें कुलुपाइतकाच या परत जाणाऱ्या मनुष्याचाही विचार केला पाहिजे.