मणक्याच्या ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी: औषध द्यायचं की नाही, आणि कोणाला?

मणक्याचं ऑपरेशन होऊन काही दिवस झाले आणि एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर 'झोपून राहिल्यामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नये. पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. याला डीव्हीटी, म्हणजेच डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात. गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली, तर अचानक धाप लागते आणि जीवही जाऊ शकतो.

गुठळी का होते?
रक्तप्रवाह मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढणं, ही यामागची तीन मुख्य कारणं. मणक्याच्या रुग्णात तिन्ही एकत्र येऊ शकतात. त्यात पाय लुळे पडले असतील, तर पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत नाहीत आणि धोका आणखी वाढतो.

मग सगळ्यांनाच रक्त पातळ करणारं औषध का देत नाहीत?
खरी अडचण इथेच आहे. गुडघा किंवा खुबा बदलल्यावर असं औषध सर्रास दिलं जातं. मणक्यात मात्र जागा अरुंद असते. तिथे रक्तस्राव होऊन रक्त साचलं, तर मज्जारज्जू किंवा नसा दाबल्या जाऊन पायांतली ताकद कायमची जाऊ शकते. म्हणून उत्तर अमेरिकेतल्या मणकातज्ज्ञांच्या संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत पायांना हवेचा दाब देणाऱ्या पट्ट्यांवर भर दिला आणि औषधाबाबत सावध भूमिका घेतली.

संशोधन कुठे चाललंय?
गुठळ्यांचं प्रमाण प्रत्येक अभ्यासात वेगळं दिसतं. काही ठिकाणी प्रत्येक रुग्णाची सोनोग्राफी होते, तेव्हा त्रास न देणाऱ्या गुठळ्याही मोजल्या जातात. काही ठिकाणी फक्त लक्षणं असलेल्यांचीच तपासणी होते. त्यामुळे नुसता आकडा वाचून घाबरण्यात अर्थ नाही.

आता भर आहे तो धोका नेमका कोणाला, हे आधी ओळखण्यावर. वय, कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, ऑपरेशनला लागलेला वेळ अशा बाबींवरून अंदाज बांधणारी मशीन लर्निंगची मॉडेल्स तयार होत आहेत. पण त्यातली बरीचशी एकेका रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवर बेतलेली आहेत. दुसरीकडे ती तशीच चालतील असं नाही. डी-डायमर या रक्तचाचणीचीही मर्यादा आहे. कोणत्याही मोठ्या ऑपरेशननंतर तिचा आकडा वाढतोच.

दुसरा प्रश्न वेळेचा. औषध द्यायचंच, तर ऑपरेशननंतर किती तासांनी सुरू करायचं, यावर अजून एकमत नाही.