शिलिंगांत मोजलेली मुलं

इंग्रज कवी मॅथ्यू अर्नल्डनं ३५ वर्षं शाळा तपासण्याची नोकरी केली. मीही कविता लिहितो, म्हणून हा माणूस मला जवळचा.

१८६२ साली इंग्लंडचं शिक्षणखातं सांभाळणाऱ्या रॉबर्ट लोनं प्राथमिक शाळांसाठी नियम काढला : जसा निकाल, तसं अनुदान. सहा वर्षांवरच्या मुलामागे परीक्षेचे ८ शिलिंग. वाचन, लेखन, गणित यांपैकी एकात जरी ते नापास झालं, की २ शिलिंग ८ पेन्स कापले! मास्तर पुस्तकच पाठ करून घेऊ लागले.

अर्नल्डनं त्याच वर्षी या नियमाविरुद्ध लेख लिहिला. निनावी, नोकरी होती ना! पण १८६७च्या सरकारी अहवालात त्यानं उघडच नोंदवलं, की वाचता न येणारी मुलंही वाचनात पास होतात.

पद्धत मोडीत निघायला १८९०चं दशक उजाडलं. अर्नल्ड १८८८मध्येच गेला होता.