२५ यार्डांवरची नंबर प्लेट

लायसन्सचा फॉर्म १ कधी वाचलाय का? बहुतेकांचा एजंटनेच भरलेला असतो, म्हणून विचारतो. त्यात एक प्रश्न आहे: चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर तो लावून, २५ मीटरवरची मोटारीची नंबर प्लेट तुम्हाला ओळखता येते का? आपण 'हो' म्हणतो आणि सुटतो.

हा प्रश्न मूळचा साहेबाच्या घरचा. ब्रिटनमध्ये १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. तेव्हा परीक्षा केंद्रंसुद्धा नव्हती. परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्टेशनवर नाहीतर एखाद्या बागेपाशी भेटायचा. तिथे डोळे तपासायचा सोपा मार्ग एकच, २५ यार्डांवरच्या गाडीचा नंबर वाचून दाखव. आजही तिथे परीक्षेआधी नंबर वाचायला लावतात, फक्त नव्या प्लेटसाठी अंतर २० मीटर झालंय.

आपण यार्डाचे मीटर केले. २५ यार्ड म्हणजे जेमतेम २३ मीटर, तेव्हा कागदावर आपण साहेबापेक्षा कडक! पण इतकी वर्षं आरटीओचे कॅम्प कव्हर करतोय, कुणाला मैदानात उभं करून नंबर विचारलेला मी पाहिला नाही. फॉर्म १-अ वर डॉक्टरची सही लागते. त्यात रातांधळेपणाही विचारलाय. सह्या आधीच मारून ठेवलेले गठ्ठे मात्र पाहिलेत.

खरी गोम पुढे आहे. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं. मधल्या काळात नजर गेली तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आरटीओ नवा वैद्यकीय दाखला मागू शकतं, लायसन्स रद्दही करू शकतं. पण त्यांना कळवणार कोण? ब्रिटनमध्ये चालकाने स्वतः कळवायचं असतं, नाहीतर १००० पौंडांपर्यंत दंड. तरी २०२५ मध्ये लँकशायरच्या कॉरोनरने चार अपघाती मृत्यूंच्या चौकशीनंतर ही पद्धत कुचकामी ठरवली.

काचबिंदू तर बाजूची नजर गुपचूप खातो. समोरचा नंबर वाचता येतो, बाजूने येणारी सायकल दिसत नाही. तो या परीक्षेत सापडणार नाही, मान्य. पिकलेला मोतीबिंदू तरी सापडेल.

आमच्या कॅम्पच्या मैदानात २५ मीटर आरामात मावतात. चुन्याची एक रेघ मारा आणि समोरच्या जीपचा नंबर विचारा, एवढंच निवेदन सोमवारी देतोय. कुणाला सही करायची असेल तर कळवा.