मिसवाकपासून स्केलिंगपर्यंत: दातांवरच्या कीटणाची गोष्ट

दातांच्या डॉक्टरकडे स्केलिंगला जायचं असेल तर घरून ब्रश करून जावं का? हा प्रश्न मला नात्यातल्या आणि मोहल्ल्यातल्या लोकांनी अनेकदा विचारलाय. काहींचं म्हणणं, तिथं दात साफ होणारच आहेत, मग घरी कशाला घासायचे? काही जण उलट करतात. डॉक्टरसमोर तोंड उघडायची लाज वाटते म्हणून हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासून जातात. प्रश्न आजचा वाटत असला, तरी त्याला हजार वर्षांचा इतिहास आहे.

मुस्लिम समाजाला मिसवाक नवा नाही. अरबीत ज्याला ‘अराक’ म्हणतात, त्या पीलूच्या झाडाच्या मुळीची किंवा फांदीची ही काडी. टोक चावून तिचा कुंचला करायचा आणि दातांवरून फिरवायचा. उम्मतीला जड गेलं नसतं तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिसवाक करायला सांगितलं असतं, अशा आशयाची प्रेषितांची हदीस प्रसिद्ध आहे. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असंही सांगितलं गेलं. आपल्या तोंडाचा त्रास शेजारच्याला होऊ नये, हा त्यामागचा साधा विचार.

मग रोज मिसवाक करणाऱ्यांच्या दातांवर कीटण साचत नव्हतं का? साचत होतं. त्याचा पुरावा अंदलुसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये मिळतो. कुर्तुब्याजवळच्या मदीनत अल-जहरा इथले शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी (९३६-१०१३) यांनी ‘अल-तसरीफ’ हा तीस भागांचा वैद्यकग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या, शस्त्रक्रियेवरच्या भागात दात खरवडण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाचं डोकं आपल्या मांडीवर घ्या, दातांवरचा खरखरीत थर खरवडा, एकदा निघाला नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा खरवडा, असं ते सांगतात. दाताच्या आतल्या बाजूचं हत्यार वेगळं, बाहेरचं वेगळं, दोन दातांमधलं वेगळं. त्यांची चित्रंही दिली आहेत. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने तोलेदोमध्ये हा भाग लॅटिनमध्ये आणला आणि पुढे युरोपातले शल्यवैद्य कित्येक पिढ्या तो वाचत राहिले. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की, जिथं दात घासणं हा दीनचा भाग होता, तिथल्याच वैद्याला खरवडण्याची हत्यारं घडवावी लागली. घासणं आणि खरवडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्याला ठाऊक होतं.

असं का होतं, याचा धागा पुढे नेदरलंडमधल्या डेल्फ्ट शहरात सापडला. तिथला कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक स्वतः भिंगं घासायचा. रोज सकाळी मिठाने दात घासायचे, काडीने कोरायचे, फडक्याने पुसायचे, असा त्याचा नेम होता. तरीही दाढांच्या फटीत पांढरा लगदा उरायचा. तो भिंगाखाली धरला, तर त्यात असंख्य जीव वळवळताना दिसले. १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने हे कळवलं. व्हिनेगरने चूळ भरूनही लगद्याच्या आतले जीव मरत नाहीत, हेही त्याने पाहिलं. हाच लगदा साचून राहिला की लाळेतले क्षार त्यात बसतात आणि कीटण दगडासारखं होतं. मग ना मिसवाक चालतो, ना ब्रश.

हे खरवडण्याचं शास्त्र आपल्याकडे शिकवण्याची सोय केली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून १९१५ साली पदवी घेऊन परतलेल्या अहमदांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय काढलं. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळतात. कलकत्त्यातच दंतवैद्यक शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दवाखाना उघडला होता.

शंभर वर्षं झाली, तरी आपल्या वस्त्यांत ‘स्केलिंगने दात हलतात, फटी पडतात’ ही समजूत टिकून आहे. फटी कीटणानेच बुजलेल्या असतात. ते निघालं की फक्त उघड्या दिसतात. मिसरी लावणाऱ्या आमच्या खाला-फुफी तर दात काळे म्हणून दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. दाढ ठणकली की मगच जातात, तोवर दात काढण्याशिवाय इलाज उरत नाही.

तर उत्तर असं : ब्रश करूनच जा, पण रोजच्यासारखा, हलक्या हाताने. अन्नाचे कण निघतील आणि वाकून काम करणाऱ्या माणसाला वासाचा त्रास होणार नाही. कीटण मात्र लपवायला जाऊ नका. ते घासून निघणारं नाही आणि त्यात शरमेचंही काही नाही. ते काढायलाच तर जहरावींनी एवढी हत्यारं घडवली होती.